जपानची नोकरी पक्की, पण तिथलं घर रिकामं मिळतं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपान सरकारांनी पाच वर्षांत 5 लाख लोकांची ये-जा आणि त्यात भारतातून 50 हजार कुशल माणसं, असं उद्दिष्ट जाहीर केलं. साहजिकच नागपूरच्या घरांतही आता पुण्या-बंगळुरूबरोबर ओसाका-नागोयाची नावं निघतात. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमुळे जपान आपल्याला तसा परका नाही. मुलाला किंवा मुलीला ऑफर आली की पगाराचा हिशेब होतो, भाषेच्या परीक्षेची चर्चा होते, थंडीचे कपडे घेतले जातात. भाड्याच्या घराचा विषय मात्र ‘कंपनी बघेल’ या दोन शब्दांत मिटतो. कंपनी पुष्कळदा पहिला एखादा महिनाच बघते. पुढचं घर आपलं आपण घ्यायचं असतं, आणि ते इतकं रिकामं मिळतं की छताला दिवासुद्धा नसतो. म्हणून हे पत्र. लांब झालं आहे; कापायचं तर कापा, फक्त शेगडीचा भाग ठेवावा ही विनंती.

आधी पैसे, कारण पहिला पगार हातात पडण्याआधीच सगळ्यात मोठा खर्च होतो. समजा घराचं भाडं महिना 60 हजार येन आहे. ‘शिकिकिन’ म्हणजे डिपॉझिट, एका महिन्याचं भाडं, 60 हजार. ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला द्यायचे मानाचे पैसे, कधीच परत न मिळणारे, आणखी 60 हजार. दलाली जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं आणि त्यावर 10 टक्के कर, म्हणजे 66 हजार. भाडेकरूकडून यापेक्षा जास्त घ्यायला कायद्याची परवानगी नाही. जामीन म्हणून आता बहुतेक ठिकाणी हमी कंपनी लागते. तिची सुरुवातीची फी भाड्याच्या निम्म्यापासून पूर्ण महिन्यापर्यंत असते. निम्मी धरली तरी 30 हजार. दोन वर्षांचा आगीचा विमा आणि दाराचं कुलूप बदलणं, दोन्ही मिळून 35 हजारांच्या आसपास. वर पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. बेरीज करा: 3 लाख 11 हजार येन, म्हणजे पाच महिन्यांच्या भाड्याहून जास्त. फ्रिज, धुण्याचं मशीन, शेगडी आणि गादी यात धरलेली नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलं तरी त्यांचे पैसे वेगळे ठेवावे लागतात. शिवाय भाड्यासोबत ‘कान्रीही’ म्हणजे देखभालखर्च महिन्याला काही हजार येन असतो, तो जाहिरातीत भाड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

यातलं रेइकिन टाळता येतं. ते न घेणारी घरं बरीच आहेत. मार्च-एप्रिल सोडून घर शोधलं तर मालक थोडा नमतोही. 1 एप्रिलला तिथलं शाळेचं आणि कचेऱ्यांचं वर्ष सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्ये सगळा देश घर बदलत असतो. ‘डिपॉझिट शून्य, रेइकिन शून्य’ अशी पाटी दिसली तर मात्र करारातली सफाईची रक्कम आणि वर्षाच्या आत सोडल्यास दंड, ही दोन कलमं आधी वाचावीत. दुसरा रस्ता यूआर या सरकारी गृहसंस्थेचा. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, जामीन नाही, कराराच्या नूतनीकरणाची फीही नाही. डिपॉझिट मात्र दोन महिन्यांचं, आणि कमी भाड्याच्या घरासाठी उत्पन्न भाड्याच्या चौपट असल्याचा पुरावा लागतो. तोक्योच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबं जमली, त्यात अशा वसाहतींचा हात आहे. तूरडाळ आणि कणीक पायी जाऊन आणता येते, हा त्या भागाचा दुसरा फायदा.

काही घरमालक परदेशी माणसाला घर देत नाहीत. दलाल ते फोनवरच सांगून टाकतो. त्यात अपमान वाटून घेऊन दिवस घालवू नये, पुढचं घर बघावं. जपानी बोलणारी, जपानमध्येच राहणारी एक व्यक्ती ‘तातडीचा संपर्क’ म्हणून द्यावी लागते. कंपनीतल्या कुणाला तरी आधीच विचारून ठेवलं तर पुष्कळ दारं उघडतात.

घराचा नकाशा वाचायला शिकलं पाहिजे. ‘1 के’ म्हणजे एक खोली आणि वेगळं चिमुकलं स्वयंपाकघर. ‘1 एलडीके’ म्हणजे एक झोपायची खोली आणि बैठक-जेवण-स्वयंपाक एकत्र. खोलीचं माप ‘जो’मध्ये देतात, म्हणजे किती तातामी चटया बसतील. जाहिरातीत एक जो किमान 1.62 चौरस मीटर धरावा लागतो. म्हणून 6 जोची खोली साधारण 105 चौरस फूट भरते. आपल्या फ्लॅटमधली लहान बेडरूमही हिच्यापेक्षा मोठी असते. स्टेशनपासून ‘पायी 10 मिनिटं’ याचा अर्थ 800 मीटर. 80 मीटरला एक मिनिट असा नियमच आहे, त्यात सिग्नल आणि चढ धरत नाहीत. इमारत ‘आपातो’ आहे की ‘मानशोन’ हेही विचारावं. पहिली बहुधा लाकडी किंवा हलक्या लोखंडी सांगाड्याची दोन मजली, दुसरी काँक्रीटची. भिंतीपलीकडचं खोकणं ऐकू येणं न येणं यावरच अवलंबून असतं. आणि बांधकामाचं साल: 1 जून 1981 पासून भूकंपाचे नवे, कडक निकष लागू झाले, त्याआधीची इमारत स्वस्त का आहे ते वेगळं सांगायला नको.

सही करण्याआधी परवानाधारक माणसाने कराराची मुख्य कलमं समोर बसून किंवा व्हिडिओवर वाचून दाखवणं तिथे सक्तीचं आहे. ऑगस्ट 2020 पासून त्यात पुराच्या धोक्याचा नकाशा दाखवणंही सक्तीचं झालं. 23 सप्टेंबर 2023 ला नागनदीकाठी काय झालं ते पाहिलेल्या नागपूरकराने तो नकाशा दोनदा बघावा. वाचन चालू असताना चार गोष्टी हमखास विचाराव्यात: घर सोडताना किती आधी कळवायचं, दोन वर्षांनी नूतनीकरणाचे किती, सफाईचे किती, आणि स्वयंपाकाला गॅस आहे, विजेची शेगडी आहे की नुसता ओटा.

ताब्याच्या दिवशी पहिलं काम फोटो. सामान आत येण्याआधी भिंती, फरशी, खिडक्यांच्या कडा, बेसिन, कपाटाची आतली बाजू, सगळ्याचे तारखेसह फोटो काढावेत आणि घराच्या स्थितीचा कागद मिळतो तो भरून पाठवून द्यावा. तो कागद पुष्कळ जण तसाच ठेवतात आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच्या ओरखड्याचे पैसे भरतात.

मग दिवा. छताला एक गोल किंवा चौकोनी पांढरा सॉकेट असतो, त्याला ‘हिक्काके शीलिंग’ म्हणतात. दिव्याचे दोन वाकडे पाय त्या खाचांत घालून घड्याळाच्या दिशेने फिरवले की टक् आवाज येतो, काम झालं. वायरमन लागत नाही. 5 किलोपर्यंतचा दिवा त्यावर राहतो. छताचा पंखा विसरावा. आणि आपला कूलरही. नागपूरचा मे कोरडा, म्हणून खसाच्या टट्ट्यातून गार वारा येतो; तोक्योचा ऑगस्ट इतका दमट असतो की कूलरने खोलीत फक्त पाणी वाढेल.

पडदे पहिल्याच दिवशी लागतात, कारण समोरची खिडकी हाताच्या अंतरावर असते. तयार पडद्यांची रुंदी 100 सेंटीमीटर आणि लांबी 135, 178 किंवा 200 अशी ठरलेली असते. पडद्याच्या रेलमधल्या कडीच्या भोकापासून फरशीपर्यंत मोजून त्यातून एक सेंटीमीटर कमी करावा. अर्धी खिडकी असेल तर चौकटीखाली 15 सेंटीमीटर जास्त घ्यावेत. धुण्याच्या मशीनखाली प्लास्टिकचं एक चौकोनी ताट बसवलेलं असतं. मशीनचे पाय त्याच्या आत मावले पाहिजेत, म्हणून मोजायची ती त्याची आतली बाजू. फ्रिज घेताना जिन्याचं वळण मोजा आणि दार कोणत्या हाताला उघडतं ते बघा.

वीज सुरू करणं सोपं आहे: अर्ज ऑनलाइन, ब्रेकर वर केला की झालं. घोळ होतो तो दाबाचा. आपल्याकडे 230 व्होल्ट, तिथे 100. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘100-240’ लिहिलेलं असतं, त्याला फक्त दोन चपट्या पिनांचा जोड पुरतो. इस्त्री, गिझर, कॉइल अशा तापणाऱ्या वस्तू मात्र नेऊच नयेत. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे आपली 1000 वॉटची इस्त्री तिथे जेमतेम 190 वॉटची होते. कपडा कोमट होईल, सुरकुती जाणार नाही. मिक्सरचं दुखणं वेगळं. तो 100 व्होल्टवर फिरतो, पण दम नसतो. ओलं खोबरं किंवा भिजलेली डाळ घातली की पातं अडकतं, मोटर तापते आणि वास येतो. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर 750 वॉटच्या मिक्सरला दुप्पट क्षमतेचा लागतो, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. तो विकत घेण्यापेक्षा आणि ओट्यावर त्याला जागा देण्यापेक्षा 110 व्होल्टचा मिक्सर घेणं शहाणपणाचं. तिथल्या भारतीय दुकानांत मिळतो.

जपानमध्ये पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60 हर्ट्झ वीज आहे. 1890 च्या दशकात तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ते भांडण अजून चालू आहे. मिक्सरच्या मोटरला याने फरक पडत नाही, जुन्या मायक्रोवेव्हला आणि धुण्याच्या मशीनला पडतो. तोक्योत जुनी वस्तू घेऊन पुढे ओसाकाला बदली होणार असेल तर मागच्या पट्टीवर ‘50/60’ दोन्ही लिहिलंय का ते बघूनच घ्यावी. तोक्यो भागात घराची वीज अँपिअरवर बांधलेली असते. 30 अँपिअर म्हणजे एकूण 3 किलोवॉट. एसी गरम हवेवर, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकाच वेळी लावली की अख्खं घर अंधारात जातं. एक्स्टेंशन बोर्डावर 1500 वॉटच्या वर काही लावू नये. मशीन आणि मायक्रोवेव्हला हिरवी वायर असते ती अर्थिंगची. भिंतीतल्या सॉकेटखाली झाकण उघडून स्क्रूत अडकवायची असते, लोंबकळत ठेवायची नसते.

आता शेगडी. गॅस दोन प्रकारचा: नळाने येणारा शहरी गॅस, बहुतेक ठिकाणी ‘13 ए’, आणि सिलिंडरचा एलपी. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या, एकीची दुसरीवर लावायची नाही. एलपीची शेगडी शहरी गॅसवर मिणमिणते. उलट केलं तर ज्योत उसळते आणि अर्धवट ज्वलनाने विषारी वायू होतो. शेगडीच्या बाजूला चिकटलेल्या पट्टीवर प्रकार लिहिलेला असतो. नळीच्या रंगावरूनही कळतं, एलपीची नारिंगी आणि शहरी गॅसची फिकी. नळी शेगडीच्या तोंडावरच्या लाल रेघेपर्यंत ढकलून क्लिप लावायची. घराला एलपी असेल तर बिल शहरी गॅसपेक्षा बरंच जास्त येतं. कमी भाड्याचं घर तिथे महाग पडू शकतं. मोठ्या ज्योतीचा बर्नर डावीकडे की उजवीकडे, हेही निवडावं लागतं. तो भिंतीच्या विरुद्ध बाजूला हवा आणि भिंतीपासून 15 सेंटीमीटर अंतर हवं. बटण दाबूनही पेटत नसेल तर गॅस कंपनीला फोन करण्याआधी शेगडीतले टॉर्चचे मोठे सेल बदलून बघावेत.

गॅस ऑनलाइन सुरू होत नाही. कंपनीचा माणूस येतो, शेगडी पेटवून बघतो, गळती तपासतो. त्या वेळी घरी कुणीतरी असावंच लागतं. आठवडाभर आधी वेळ घ्यावी, मार्चअखेर तर त्याहून आधी. नाही घेतली तर तोवर गार पाण्याची अंघोळ, कारण पाणीही गॅसवरच तापतं. पाणी तापण्यासाठी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात एक पॅनल असतो, त्याचं बटण चालू केल्याशिवाय गरम नळाला गारच पाणी येतं. पहिल्या रात्री निम्मे लोक ‘गिझर बिघडला’ म्हणतात, तो हा पॅनल.

नव्या शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या मधोमध एक स्प्रिंगवर बसणारी गुंडी असते. 2008 पासून हा तापमानाचा सेन्सर सगळ्या बर्नरना आला. भांड्याचा तळ 250 अंशांच्या आसपास गेला की तो ज्योत आपोआप बारीक करतो. भात-वरणाला त्रास नाही. भाकरीच्या तव्याला आहे. तवा चांगला तापला, भाकरी टाकली, आणि नेमक्या त्याच वेळी ज्योत बसली. यासाठी शेगडीवर जास्त तापमानाचं बटण असतं, तीन सेकंद दाबून धरायचं; मग थोडी मुभा मिळते. फुलक्याची अडचण पुढची. कित्येक शेगड्यांना भांडं उचललेलं कळतं, गुंडी वर आली की ज्योत मंद होते आणि थोड्या वेळाने विझते. फुलक्याची जाळी गुंडीला दाबत नाही, म्हणून जाळीवर फुलका फुगण्याआधीच आच जाते. फुलका तव्यावरच कपड्याने दाबून फुगवायची सवय नागपुरातूनच करून जावी.

आणि भरीत? विदर्भाच्या माणसाला हे आधी सांगितलं पाहिजे. वांगं थेट ज्योतीवर धरता येत नाही, पण त्याच शेगडीच्या पोटात मासे भाजायचा ग्रिल असतो. जपानी माणूसही वांगं त्यातच भाजतो. तिथलं वांगं बारीक आणि लांबट, म्हणून ग्रिलमध्ये मावतं. सुरीने दोन-तीन चिरा द्याव्यात, नाहीतर फुटतं. मोठ्या आचेवर उलटून-पालटून 12 ते 15 मिनिटांत साल काळी पडते. काही ग्रिलच्या खालच्या ताटात पाणी घालावं लागतं, ते पुस्तिकेत बघावं. वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला की झालं. हो, तो तिथे ‘पाकुची’ नावाने मिळतो आणि चांगलाच महाग असतो.

टेबलावरच्या छोट्या कॅसेट शेगडीवर भाजण्याचा मोह होतो. चालतं, पण तिच्यावर मोठा तवा ठेवू नये. तव्याखालची उष्णता बाजूच्या गॅसच्या डब्यावर जाते आणि डबा फुटतो.

घराला इंडक्शन, म्हणजे तिथे ज्याला ‘आयएच’ म्हणतात ते असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर घरीच ठेवावा. लोहचुंबक चिकटेल असा सपाट तळ लागतो. खोलगट लोखंडी तवा मध्येच टेकतो, कडा गार राहतात. फोडणीची कढली तर शेगडीला दिसतच नाही. तळ साधारण 12 सेंटीमीटरहून लहान असेल तर ती भांडं नाही असं समजून बंद होते. फोडणी मग रुंद कढईत, तेल थोडं जास्त घालून. कुकरच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह इथून दोन-दोन न्यावेत, ते वजनाला काहीच नसतात. वजन वाचवायचं तर संत्री, आंबे, ताजा कढीपत्ता यांचं वाचवा. विमानतळावरच्या वनस्पती-तपासणीत ते काढून घेतात, मग भिवापूरच्या मिरचीला जागा होते. ती तिखट करून, कारखान्याच्या बंद पाकिटातली न्यावी.

फोडणी करताना एक्झॉस्ट आधी लावायचा आणि संपल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायचा. त्याच्या जाळीवर तेलाचा थर बसला तर तो ‘देखभाल केली नाही’ या सदरात मोजला जातो आणि त्याचे पैसे भाडेकरूकडून जातात. उरलेलं तेल बेसिनमध्ये नाही. दुकानात एक पावडर मिळते, ती गरम तेलात ढवळली की गार झाल्यावर तेल साबणासारखं थिजतं, ते जळाऊ कचऱ्यात. पावडर नसेल तर जुन्या वर्तमानपत्रात मुरवून.

कचरा म्हटलं की घंटागाडीची सवय सोडावी लागते. गाडी दारात येत नाही; ठरलेल्या जागी, ठरलेल्या वारी, सकाळी 8 च्या आत आपण नेऊन ठेवायचं. आदल्या रात्री ठेवलं की कावळे पिशवी फोडतात, म्हणून वर जाळी टाकायची. जळाऊ कचरा बहुधा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक एकदा, न जळणारा महिन्यातून एक-दोनदा. पण हे प्रत्येक नगरपालिकेचं वेगळं असतं आणि काही ठिकाणी पिशवीही त्यांचीच विकत घ्यावी लागते. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून वेगळं, बाटली विसळून दाबून वेगळी. चुकलं तर पिशवीवर चिकटपट्टी लागते आणि ती तिथेच राहते, शेजाऱ्यांना दिसेल अशी. तोक्योच्या 23 वॉर्डांत 30 सेंटीमीटरपेक्षा मोठी घरगुती वस्तू ‘सोदाई गोमी’ ठरते: फोन करून तारीख घ्या, दुकानातून पैसे भरून चिकटपट्टी आणा, वस्तूवर लावा. टीव्ही, फ्रिज, धुण्याचं मशीन आणि एसी त्यातही बसत नाहीत. 2001 पासून त्यांना वेगळा कायदा आहे, टाकून द्यायलाही पैसे भरावे लागतात. फुकट मिळालेला दहा वर्षांचा फ्रिज म्हणून फुकट नसतो.

नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्डच्या किंवा शहराच्या कचेरीत जाऊन रहिवास कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा. हे टाळलं तर दंड आहेच, 90 दिवस गेले तर राहण्याचा परवानाही धोक्यात येऊ शकतो. त्याच फेरीत आरोग्यविमा आणि पेन्शनचं विचारून घ्यावं. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंत पाठवलं असेल तर 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारामुळे जपानची पेन्शन कापली जात नाही. त्यासाठी इथल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा दाखला निघण्याआधीच घ्यायचा असतो.

मराठी माणसाला नावाचा एक जादा घोळ असतो. पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं, ते जसंच्या तसं रहिवास कार्डावर येतं. बँकेच्या अर्जातले चौकोन त्याला पुरत नाहीत. त्यात जपानी काताकाना लिपीत ल, ळ, र यांना एकच अक्षर. ‘काळे’ लिहिताना लांब रेघ ‘का’नंतर न देता चुकून शेवटी दिली तर तो शब्द जपानीत ‘करी’ होतो, भातावर घालायची. एकदा एक लिखाण ठरवावं, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा आणि बँक, मोबाइल, गॅस, घर, सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच द्यावं. नाव जुळलं नाही की खात्यातून बिल कापलं जात नाही, आणि कारण कुणीच सांगत नाही. तेच नाव टपालपेटीवरही लावावं. नाही लावलं तर बँकेचं कार्ड परत जातं, कारण ती पाकिटं दुसऱ्या पत्त्यावर पाठवत नाहीत.

बुरशीबद्दल थोडं. नागपूरच्या घरात भिंतीला ओल आली की दोष छताचा असतो. तिथे तो राहणाऱ्याच्या सवयीचा धरतात. जून-जुलैचा पाऊस आणि हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर आतून जमणारं पाणी, या दोन्हींनी बुरशी येते. काच रोज सकाळी पुसावी, कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावं, जमिनीवरची गादी रोज उचलून उभी करावी आणि खाली लाकडी फळ्यांची चौकट टाकावी. 2003 नंतरच्या घरांत चोवीस तास चालणारा छोटा पंखा असतो. बिल वाचवायला तो बंद करू नये, तो पैसे वाचवत नाही, भिंत खराब करतो.

आवाजाचं एवढंच की रात्री 10 नंतर धुण्याचं मशीन आणि मिक्सर नको. खलबत्ता दिवसाही जाड रबरी चटईवर.

भूकंपात हादरा जपानी मापाने (रिश्टर नव्हे) 5 च्या पातळीचा झाला की गॅसचा मीटर स्वतः बंद होतो. तेव्हा घाबरून कंपनीला फोन लावायची रांग लागते. आधी गॅसचा वास नाही ना ते बघावं. सगळी बटणं बंद करावीत, दाराबाहेरच्या मीटरवरच्या बटणाचं झाकण काढून बटण घट्ट दाबून सोडावं. लाल दिवा लुकलुकतो. तीन मिनिटं काहीही पेटवायचं नाही. या वेळात मीटर गळती तपासतो. दिवा विझला की गॅस आला. वास येत असेल तर मात्र बटणाला हात न लावता, दिव्याचं बटणही न दाबता बाहेर पडायचं.

घर सोडताना बहुतेक करारांत एक महिना आधी लेखी कळवावं लागतं, काहींत दोन. नेहमीच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे 1 एप्रिल 2020 पासून तिथल्या दिवाणी कायद्यातच लिहिलं आहे. सरकारी मार्गदर्शिकेनुसार भिंतीच्या कागदाची किंमत सहा वर्षांत एका येनवर येते; दोन वर्षांनी नव्या कागदाचे पूर्ण पैसे मागितले तर हे दाखवावं. टाचणीची भोकं चालतात, खिळ्याची नाहीत. उदबत्तीच्या धुराने पिवळी पडलेली भिंत आणि ओट्यावरचा हळदीचा डाग मात्र आपला. देवघर भिंतीला टेकवू नये, निरांजन स्टीलच्या ताटात ठेवावं.

नागपुरात जपानी शिकवणाऱ्या वर्गांनी शेवटच्या आठवड्यातला एक दिवस भाषेऐवजी घराला द्यावा, एवढं मागणं आहे. एक छताचा सॉकेट, दोन रंगांच्या दोन गॅसनळ्या, एखाद्या शहराचं कचऱ्याचं वेळापत्रक आणि कराराचा एक कोरा नमुना वर्गात ठेवला, आणि प्रत्येकाला त्या कराराची चार कलमं जपानीत शोधायला लावली, तर त्या दिवशीचा भाषेचा धडाही होऊन जाईल.

आपले,
जपानमध्ये नोकरी करून परतलेले काही वाचक,
धरमपेठ, नागपूर